श्रीविजय बुडालें नसतें तर?

घडलें तें कां घडलें एवढेंच इतिहासकारानें पाहावें, न घडलेल्याचा छंद कादंबरीकारानें करावा, असा समज रूढ आहे. आम्हांस तो मान्य नाहीं. 'असें न होतें तर?' हा प्रश्न योग्य जागीं विचारला म्हणजे घडलेल्या गोष्टीचें खरें कारण हातीं लागतें. सुमात्रा बेटावरील श्रीविजय या बौद्ध सागरी साम्राज्याला कल्पनेनें वांचविणाऱ्या कथांत मात्र ही जागाच चुकते.

या कथांचा सांचा ठरलेला. इ. स. १०२५ मध्यें राजेंद्र चोळाच्या आरमारानें श्रीविजयावर स्वारी करून तेथील राजास कैद केलें. तें आरमार वादळांत बुडविलें कीं साम्राज्य चिरंजीव! १९३१ सालीं जे. सी. स्क्वायर यांनीं संपादिलेल्या अशाच लेखांच्या संग्रहांत विन्स्टन चर्चिल यांनीं गेटिझबर्गच्या लढाईचा निकाल उलटा कल्पिला आहे. तेथें दोन सैन्यें समोरासमोर उभीं होतीं. एका लढाईवर भार टाकणें शोभलें. येथें चोळ लुटून परत गेले आणि १०२८ सालीं श्रीविजयाचें शिष्टमंडळ पुन्हां चीनच्या दरबारीं हजर झालें.

मग मर्म कोठें होतें? पालेंबंगच्या या राज्याचें वैभव मलाक्काच्या सामुद्रधुनींत होतें. वारा उलटेपर्यंत जहाजांना महिनेच्या महिने थांबावें लागे, आणि अरबी, हिंदी व चिनी मालाची गांठ येथें पडे. ६७१ सालीं आलेला चिनी भिक्षु इत्सिंग येथें सहा महिने संस्कृत व्याकरण शिकला. येथील भिक्षूंची संख्या तो हजाराहून अधिक सांगतो. हा विद्येचा संसार बंदराच्या उत्पन्नावर चाले. पुढें सुंग काळांत चीनचीं स्वतःचीं जहाजें दक्षिण समुद्रांत येऊं लागलीं, तेव्हां मधल्या अडत्याची गरज ओसरली. १२२५ सालीं चिनी अधिकारी झाओ रुगुआ लिहितो कीं, बंदरांत न शिरतां पुढें जाणाऱ्या जहाजावर या राज्याच्या नौका तुटून पडतात. आमच्या मतें सारें दुखणें एवढ्यांत आलें. गिऱ्हाईक ओढून आणावें लागलें कीं दुकानाचे दिवस भरले.

तेव्हां कथाकारानें वादळाऐवजीं व्यापार बदलावा. चीनपर्यंतची वाहतूक सुमात्राच्या लोकांनींच हातीं ठेविली असें दाखवावें. हें कठीण आहे. तेथें राजकन्या कामास येत नाहीं. (असल्या कथांत ती हटकून असतेच.)

हिंदी लेखकाची अडचण निराळी. त्याला अभिमानासाठीं श्रीविजयहि हवें आणि चोळांचें आरमारहि हवें. १००६ च्या सुमारास श्रीविजयाच्या राजानें नागपट्टणम् येथें चूडामणिविहार उभारला, राजराज चोळानें त्यास गांव दिला, आणि त्याच्याच पुत्रानें वीस वर्षांच्या आंत ही स्वारी केली. हा विरोध गिळणारी कथा बालबोध ठरते.

आणखी एक. अतिशाचे गुरु धर्मकीर्ति सुवर्णद्वीपीं शिकवीत. त्यांचा ग्रंथ टिकला तो तिबेटी भाषांतरांत. साम्राज्य टिकतें, तर तेथील पोथ्या पिढ्यान्‌पिढ्या कोणी उतरून काढल्या असत्या, हें एकाहि कथाकारानें विचारल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं.