‘हॅकॅथॉन’ : शब्द, निमंत्रण आणि समस्या

‘हॅकॅथॉन’ हा शब्द महाराष्ट्रातील महाविद्यालयांत आता इतका रुळला आहे की त्यास मराठी प्रतिशब्द सुचविण्याचा खटाटोप सहसा कोणी करीत नाही. तो करावा, असा येथे आग्रह नाही. विचार करावयाचा आहे तो त्या शब्दामागून येणाऱ्या निमंत्रणाच्या भाषेचा. हॅकॅथॉनच्या शोधात असलेल्या विद्यार्थ्याला प्रथम भेटते ते निमंत्रणच; ते नीट वाचता आले नाही, तर तिथी व ठिकाण हाती लागूनही शोध पुरा झाला असे म्हणता येत नाही.

शब्दाचा पूर्वभाग अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रसंस्थेच्या परिसरात घडला. तेथील लहान रेल्वेगाड्यांचा छंद असलेल्या विद्यार्थिमंडळाच्या १९५५ च्या इतिवृत्तात विजेच्या जोडणीशी ‘हॅक’ करणाऱ्यांनी आधी वीज बंद करावी, अशी सूचना आढळते. उत्तरभागाची कथा अधिक विनोदी आहे. ‘मॅरेथॉन’ हे ग्रीसमधील एका स्थळाचे नाव; त्यात ‘थॉन’ असा सुटा, अर्थवाही घटक मुळीच नाही. लोकांनी तो चुकीच्या ठिकाणी तोडला व त्याला ‘दीर्घकाळ चालणारा उपक्रम’ असा अर्थ चिकटविला. १९९९ च्या जूनमध्ये कॅनडातील कॅल्गरी येथे ‘ओपनबीएसडी’ या संगणक-प्रणालीवर काम करणारी दहा माणसे एकत्र बसली, ती अमेरिकेच्या गुप्तलेखनविषयक निर्यातनियमांचा अडसर टाळण्यासाठी. त्या बैठकीला ‘हॅकॅथॉन’ हे नाव मिळाले. तेथे बक्षीस नव्हते, परीक्षक नव्हते, प्रेक्षकही नव्हते. आजच्या हॅकॅथॉनमध्ये हे तिन्ही आहेत, तेव्हा शब्द तोच राहून वस्तू बदलली, हे लक्षात ठेवलेले बरे.

मराठी मुलखात या प्रत्ययाने केलेला सर्वांत मनोरंजक संसार नाशिकचा. २०१५ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने, २०१४ पासून, मॅसॅच्युसेट्सच्या त्याच संस्थेतील, मूळचे नाशिकचे डॉ. रमेश रासकर यांच्या पुढाकाराने ‘कुंभथॉन’ भरविण्यात आले. संस्कृत घट आणि ग्रीक शेपूट यांचा हा समास व्याकरणदृष्ट्या कितीही अडाणी असो, त्याचा अर्थ गोदाकाठच्या माणसाला समजावून सांगावा लागला नाही. प्रश्नही त्याच्या ओळखीचे होते : गर्दी, आरोग्य, निवास. पावलांच्या दाबावरून येणाऱ्या-जाणाऱ्यांची मोजदाद करणारी चटई याच उपक्रमातून पुढे आली व कुंभात वापरून पाहिली गेली.

या यशाचे श्रेय उपकरणांना देण्याची रीत आहे. वस्तुतः ते बऱ्याच अंशी समस्येच्या मांडणीला दिले पाहिजे. आणि येथे आपल्या परंपरेतील एका शब्दाची आठवण होणे अपरिहार्य आहे. संस्कृत काव्यव्यवहारात ‘समस्या’ म्हणजे अडचण नव्हे. पूर्ण करण्यासाठी दिलेला श्लोकाचा अंश म्हणजे समस्या. सभेत एक चरण टाकला जाई आणि कवींनी तेथल्या तेथे उरलेला श्लोक रचावयाचा, ही समस्यापूर्ती. एकच आव्हान सर्वांना, वेळ थोडा, निवाडा सभेत : हॅकॅथॉन हे मॅरेथॉनपेक्षा समस्यापूर्तीच्या कितीतरी जवळचे आहे. फरक एवढाच की दिलेला चरण सभेतील प्रत्येकाला समजत असे.

आजच्या निमंत्रणांबद्दल हे म्हणता येत नाही. केंद्र सरकारच्या ‘स्मार्ट इंडिया हॅकॅथॉन’ या, २०१७ मध्ये सुरू झालेल्या, स्पर्धेचे उदाहरण घ्यावे. तिच्यात शासकीय खात्यांकडून व उद्योगांकडून आलेल्या समस्यांची यादी प्रसिद्ध होते. संघ सहा जणांचा, त्यात किमान एक विद्यार्थिनी, आणि सॉफ्टवेअरची अंतिम फेरी ३६ तासांची. परंतु विद्यार्थ्याने परस्पर नाव नोंदवून तेथे पोचता येत नाही; महाविद्यालयातील अंतर्गत फेरी आणि नियुक्त समन्वयक यांच्यामार्फतच नाव पुढे जाते. म्हणजे शोधाची पहिली पायरी आपल्याच महाविद्यालयात आहे. ही गोष्ट निमंत्रणाच्या मथळ्यात असावयास हवी. बहुधा ती नियमांच्या गर्दीत सापडते. समस्यांच्या लेखनाची तऱ्हाही तशीच. वाक्ये कर्मणी, कर्ता गायब. ‘प्रणाली विकसित करणे अपेक्षित आहे’ या धर्तीच्या वाक्यात अपेक्षा कोणाची, त्रास कोणाला, आणि आजवर काय करून पाहिले, यांपैकी कशाचाही पत्ता लागत नाही. मराठीत याला ‘समस्या-विधान’ असे शब्दशः नाव देण्यात येते, तेही फसवे; विधान म्हणजे काही ठामपणे सांगणे, आणि येथे तर मागणे आहे. नुसते ‘समस्या’ पुरे.

हा दोष केवळ शैलीचा असता तर एवढा ऊहापोह करण्याचे कारण नव्हते. भिवंडीला लागून असलेल्या शेलारसारख्या गावातून तो निराळा दिसतो. हा यंत्रमागांचा टापू. मराठीबरोबर उर्दू, हिंदी, तेलुगू येथे नित्य कानी पडतात. इंग्रजी वर्गात भेटते. ताण्याचा एखादा धागा तुटला आणि वेळीच दिसला नाही तर कापडात दोष उतरतो, हे येथल्या मुलाला कोणी शिकवावे लागत नाही. हाच प्रश्न निमंत्रणात ‘वस्त्रोत्पादनातील गुणवत्ता-नियंत्रणाचे स्वयंचलन’ असा वेष धारण करून आला, तर तो आपल्या घरचाच आहे हे त्याला ओळखू येईलच असे नाही. ज्याला प्रश्न ठाऊक त्याला शब्द परके, आणि ज्याला शब्द अवगत त्याने माग पाहिलेला नसतो.

अशा विद्यार्थ्याला दिला जाणारा ‘मिळेल त्या हॅकॅथॉनला जावे’ हा सल्ला तितकासा हिताचा नाही. ‘डेव्हफोलिओ’, ‘अनस्टॉप’ यांसारख्या ठिकाणी निमंत्रणांची वाण नसते. मुंबईच्या तंत्रसंस्थेचा ‘टेकफेस्ट’ १९९८ पासून आहे आणि तो बहुधा डिसेंबरात भरतो. वाण आहे ती निवडीच्या कसोटीची. समस्येतील पीडित मनुष्य कोण, हे एका वाक्यात आपल्या भाषेत सांगता येते काय, तयार झालेल्या वस्तूवर हक्क कोणाचा राहणार, आधी लिहिलेला भाग चालतो की सर्व तेथेच रचावयाचे, प्रवासखर्च कोणाचा, रात्री मुक्कामाची, विशेषतः मुलींच्या मुक्कामाची, सोय आहे काय. शेवटचा प्रश्न क्षुल्लक नव्हे. भिवंडी रोड स्थानक दिवा–वसई मार्गावर आहे, मुंबईच्या मुख्य उपनगरी मार्गांवर नाही, आणि ३६ तासांच्या स्पर्धेत रात्र येतेच. या पाचांपैकी पहिल्याचे उत्तर निमंत्रणात नसेल, तर बाकीची उत्तरे कितीही समाधानकारक असोत, ते निमंत्रण बाजूस ठेवावे.

आयोजकांकडून अपेक्षा त्याहून साधी आहे. २०२१ पासून काही महाविद्यालयांत मराठीसह भारतीय भाषांतून अभियांत्रिकीची पदवी घेण्याची सोय झाली. मग समस्या त्या भाषांत का नसाव्यात? इंग्रजी मजकुराचे भाषांतर मात्र येथे उपयोगी पडणार नाही. गायब कर्ता भाषांतराने परत येत नाही. समस्या मुळातच मागाजवळ उभ्या असलेल्या माणसाला विचारून, त्याच्या शब्दांत टिपून घ्यावी : धागा कोठे तुटतो, कोणाला प्रथम कळते, तोवर किती कापड विणून झालेले असते.