झाडं नाचली ती रात्र

१९८३ चा एप्रिल. न्यू मेक्सिको राज्यातल्या आल्बकर्की शहरात अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलची अंतिम लढत होती. एका बाजूला ह्यूस्टन विद्यापीठ: ३१ विजय, २ पराभव, सलग २६ सामने जिंकून आलेलं. समोर नॉर्थ कॅरोलायना स्टेट, मोसमात दहादा हरून इथवर पोचलेलं. सामन्याआधी ‘वॉशिंग्टन पोस्ट’चे स्तंभलेखक डेव्ह किंड्रेड यांनी एक वाक्य लिहिलं. त्याचा आशय असा, की झाडं टॅप डान्स करतील, हत्ती इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत उतरतील आणि ऑर्सन वेल्स न्याहारी, दुपारचं जेवण नि रात्रीचं जेवण तिन्ही सोडतील, त्यानंतरच स्टेटला ह्यूस्टनला हरवण्याची वाट सापडेल.

स्टेट जिंकलं. ५४–५२.

चाळीस वर्षं उलटून गेली तरी या सामन्याची गोष्ट सांगताना हे वाक्य काढलं जातं आणि ते काढलं की बास्केटबॉलच्या चाहत्यांत दोन तट पडतात. काहींना ते पाठ असतं. काहींना त्याचा मनापासून राग येतो. खेळ राहिला बाजूला, लेखकच नाचतोय, असं त्यांचं म्हणणं. मी पहिल्या तटातला, पण दुसऱ्या तटाचं म्हणणं उडवून लावावं इतकं हलकं नाही.

आधी वाक्य नीट पाहू. आपण ‘सूर्य पश्चिमेला उगवेल तेव्हा’ म्हणतो, त्याच जातीचं हे बोलणं. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त अतिशयोक्तीचे प्रकार सांगताना ‘जर’ घालून अशक्याची कल्पना करण्याचा प्रकार वेगळा काढला आहे. त्याच्या शेजारी हे वाक्य सहज बसेल. पण किंड्रेड एका अशक्यावर थांबत नाहीत. ते तीन रचतात, आणि खरी गंमत त्यांच्या क्रमात आहे. टॅप डान्स हा पायांचा नाच: बुटांच्या तळाला धातूच्या पट्ट्या आणि लाकडी जमिनीवर त्यांचा ताल. झाडाला पाय नाहीत, ते मातीत रुतलेलं. म्हणजे पहिलं चित्र पूर्ण अशक्य. हत्तीला पाय तरी आहेत. तो धावतो, पण जिथे मोटारी ताशी दोनशे मैलांनी सुटतात तिथे त्याचा काय पाड? आणि तिसरा? तिसरा तर माणूस आहे. ‘सिटिझन केन’ बनवणारा थोर दिग्दर्शक, त्या काळात अवाढव्य देहासाठी आणि खाण्यासाठी प्रसिद्ध. त्याने एक दिवस जेवू नये हे अवघड असेल, अशक्य मुळीच नाही. उपास कुणालाही करता येतो.

म्हणजे हे वाक्य पायऱ्या उतरत येतं. अशक्याकडून जवळजवळ अशक्याकडे आणि तिथून जरा अवघडाकडे. स्टेटच्या तोंडावर दार लावायला निघालेला लेखक शेवटच्या पायरीवर ते किलकिलं करून जातो. तीन जेवणं एकेक करून मोजताना वाक्याची चाल मंदावते, आणि तो लांबलेला श्वास मला अतिशय आवडतो. हे त्यांनी ठरवून केलं असेल असा माझा दावा नाही. चांगलं वाक्य लेखकापेक्षा थोडं जास्त जाणतं, एवढंच. मात्र एका माणसाच्या शरीरावर केलेला विनोद आज वाचताना खुपतो, आणि तो खुपायलाच हवा.

आता दुसऱ्या तटाचं म्हणणं. ते विचारतात, या वाक्यातून ह्यूस्टन कसं खेळायचं हे कळलं का? नाही कळलं. सामना ज्या गोष्टीने फिरला ती या सजावटीत कुठेच नव्हती, आणि ती होती फ्री थ्रो, म्हणजे फाउल झाल्यावर रेषेवरून मिळणारी मोकळी फेक. ह्यूस्टनचे खेळाडू हवेत राज्य करायचे, पण रेषेवर उभं राहून निवांत नेम धरताना चुकायचे. मध्यंतराला स्टेट ३३–२५ असं पुढे होतं. नंतर ह्यूस्टनने उसळी घेऊन ४२–३५ अशी आघाडी मिळवली, आणि मग त्यांचे प्रशिक्षक गाय लुईस यांनी खेळ संथ केला. स्टेटचे प्रशिक्षक जिम व्हॅल्व्हानो यांनी मुद्दाम फाउल करून प्रतिस्पर्ध्यांना रेषेवर पाठवायला सुरुवात केली. ५२–५२ अशी बरोबरी आणि जेमतेम मिनिटभर शिल्लक असताना ह्यूस्टनच्या ॲल्विन फ्रँकलिनचा फ्री थ्रो हुकला. त्या स्पर्धेत शॉट क्लॉक, म्हणजे ठरल्या सेकंदांत चेंडू रिंगकडे फेकायला लावणारं घड्याळ, नव्हतं, म्हणून स्टेटला शेवटच्या संधीपर्यंत चेंडू हातात खेळवत ठेवता आला. हे सगळं सांगायला हत्ती लागत नाहीत. साध्या, बारकाईच्या लेखनाची ताकद मोठी असते. जॉन फाइनस्टाइन यांनी १९८५–८६ चा मोसम इंडियाना विद्यापीठाच्या संघात आणि बॉब नाइट या तापट प्रशिक्षकाच्या सहवासात काढून जे पुस्तक लिहिलं, ते उपमांवर उभं नाही. तिथे हजर राहून पाहिलेल्या गोष्टींवर उभं आहे.

तरीही साधेपणाच्या बाजूने कौल द्यायला माझं मन तयार होत नाही. त्याच ह्यूस्टनची आणखी एक गोष्ट आहे. उंच उडी घेऊन चेंडू वरून रिंगमध्ये कोंबणं, म्हणजे डंक. स्लॅम आणि जॅम ही त्याचीच बोलीतली नावं. अकीम ओलाजुवॉन आणि क्लाइड ड्रेक्सलर यांचा हा संघ डंकवर डंक करायचा. अमेरिकी कॉलेजांत विद्यार्थ्यांचे बंधुसंघ असतात, त्यांना ग्रीक अक्षरांची भारदस्त नावं देण्याची प्रथा आहे. त्या थाटात ‘ह्यूस्टन पोस्ट’चे थॉमस बाँक यांनी १९८३ च्या जानेवारीत या संघाला नाव दिलं: ‘फाय स्लामा जामा’. मोठ्याने म्हणून पाहा. पहिला शब्द जमिनीवरून उडी घेतो आणि पुढचे दोन चेंडू दोनदा आदळावा तसे पडतात. चित्र नाही, उपमा नाही, तरी खेळ कानाने दिसतो. खेळाडूंनी ते नाव आपल्या सरावाच्या कपड्यांवर मिरवलं. नटवं म्हणाल तर हे नटवंच. पण ज्याने तो संघ प्रत्यक्ष पाहिला त्यालाच हे नटणं सुचेल.

माझी कसोटी हीच आहे. सजवलेलं वाक्य उचलून दुसऱ्या सामन्याला लावून बघावं. सहज लागलं तर ते फुकट गेलं. दर मार्चमध्ये राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेत कुठलं तरी लहान कॉलेज मोठ्याला हरवतं आणि त्याला सिंड्रेला म्हटलं जातं. मग काचेचा बूट येतो, मध्यरात्रीचे बारा वाजतात. पहिल्यांदा हे लिहिणाऱ्याने काही पाहिलं असेल, आता ते कुणाच्याही पायात बसतं. शब्द शिळा होणं मात्र अटळ नाही. ‘मार्च मॅडनेस’ हेच बघा. एच. व्ही. पोर्टर या इलिनॉयमधल्या शालेय क्रीडा अधिकाऱ्याने शाळांच्या स्पर्धेला लोटणाऱ्या गर्दीवर १९३९ मध्ये लेख लिहिला, त्याचं हे शीर्षक. पुढे तो शब्द राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेचंच नाव झाला आणि आज कुणाला त्यात अलंकार जाणवतही नाही.

सजावटीविषयीची ही तक्रार अमेरिकेपुरती नाही. द्वारकानाथ संझगिरी यांचे क्रिकेटवरचे लेख वाचताना सिनेमा, गाणी, उपमा यांच्या त्या सरींत भिजणारे मराठी वाचक होते, तसे ‘स्कोअर सांगा’ म्हणणारेही होते. मला वाटतं दोघेही खेळावरच्या प्रेमापोटीच बोलत होते. एकाला मैदानावर घडलेलं हवं असतं. दुसऱ्याला ते घडत असताना छातीत जे झालं तेही हवं असतं.

म्हणूनच किंड्रेड यांचं वाक्य खोटं ठरूनही खरं वाटतं. सामना त्याला दिसला नव्हता, पण सामन्याआधीची हवा त्याने बिनचूक टिपली. त्या दिवशी जाणकारांनाही स्टेटचा विजय असाच अशक्य वाटत होता. ५४–५२ हा आकडा एकटा वाचला तर दोन गुणांची चुरस, बस्स. झाडं, हत्ती आणि तीन जेवणं पुढ्यात ठेवून तोच आकडा वाचला की ते दोन गुण कुठवर उंच होते ते कळतं.

शेवटची काही सेकंदं मी चित्रफितीवर कितीदा पाहिली असतील. स्टेटचा डेरेक व्हिटनबर्ग लांबून, जवळजवळ तोल जात असताना चेंडू फेकतो. चेंडू रिंगपर्यंत पोचतच नाही. तो पास होता, असं व्हिटनबर्ग पुढे आयुष्यभर सांगत आला. रिंगखाली लॉरेन्झो चार्ल्स उभा आहे. तो उडी मारतो, चेंडू हवेतच धरतो आणि वरून कोंबतो. ज्या डंकवरून ह्यूस्टनला नाव मिळालं, त्या डंकनेच ह्यूस्टन हरलं. आणि कोर्टवर व्हॅल्व्हानो हात पसरून सैरावैरा धावत सुटलेले दिसतात, मिठी मारायला कुणीतरी सापडावं म्हणून.