भयाचे शल्य आणि उपचाराची मर्यादा

ख्मेर रूज राजवटीतून (१९७५-७९) बचावून अमेरिकेत आलेल्या ४० कंबोडियन निर्वासितांवर डेव्हन हिंटन व सहकाऱ्यांनी केलेला बोधनिक-वर्तन उपचाराचा प्रयोग २००५ साली प्रसिद्ध झाला. घेरी आली की शरीरातील वारा उसळून मरण येणार, या समजुतीतून ह्या रुग्णांना भयाचे झटके येत. १२ बैठकांत ती समजूत तपासली गेली, घेरीला सामोरे जाण्याचा सराव झाला आणि पुष्कळ आराम पडला.

पालि अभ्यासकास हे परके नाही. भयभेरव सुत्तात चंक्रमण करताना भय आले असता, ते ओसरेपर्यंत बोधिसत्त्वांनी चंक्रमण सोडले नाही. संयुत्त निकायातील सल्ल सुत्ताचा दुसरा बाण तो हाच.

परंतु पहिल्या बाणाचे काय? आम्ही इस्लापूरहून लिहीत आहोत. १९७८ च्या नामांतरविरोधी दंगलीत आमच्याच नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे मारले गेले. मराठवाड्यातील अनेक कुटुंबांना गाव सोडावे लागले. कंबोडियन निर्वासितांचे मारेकरी समुद्रापलीकडे राहिले. गावी परतणाऱ्या आपल्या माणसासमोर मात्र हल्लेखोर वेशीतच उभा. छातीची धडधड जीवघेणी नाही, हे उपचाराने अवश्य शिकवावे; त्या माणसाचे भय हा विचारदोष आहे, असे म्हणू नये. तेथे औषध एकच, न्याय.