बारा जणांसमोर सांगितलेली गोष्ट

जॉन ग्रिशम आपल्याकडे पोहोचला तो ‘द फर्म’नंतर, म्हणजे यशस्वी झाल्यावर. इंग्रजी पेपरबॅक, हॉलिवूडचे सिनेमे आणि मागाहून मराठी अनुवाद अशा वाटांनी तो आला. त्यामुळे ‘प्रचंड खपणारा वकील-लेखक’ एवढीच त्याची ओळख राहिली आणि आपल्या समीक्षेने त्याच्याकडे फारसे वळून पाहिले नाही. त्याच्या लेखनाची जात कळायची असेल, तर १९९१च्या ‘द फर्म’च्या दोन वर्षे मागे जावे लागते. तेव्हा हा वकील मिसिसिपीतल्या लहान गावांच्या सार्वजनिक ग्रंथालयांत आपल्या पहिल्या पुस्तकाचे गठ्ठे घेऊन उभा राहत होता.

ते पुस्तक म्हणजे ‘अ टाइम टू किल’. अनेक प्रकाशकांनी नाकारल्यावर १९८९मध्ये विनवुड प्रेस या छोट्या प्रकाशनाने त्याच्या पाच हजार प्रती काढल्या. त्यांतल्या हजार ग्रिशमने स्वतःच विकत घेतल्या, मोटारीच्या डिकीत भरल्या आणि गावोगाव जाऊन विकल्या. हा किस्सा चिकाटीचा नमुना म्हणून वारंवार सांगितला जातो. मला त्यात समोर बसलेला श्रोता महत्त्वाचा वाटतो. साउथहेवनमध्ये ग्रिशमची दशकभराची वकिली होती आणि १९८४पासून तो राज्याच्या प्रतिनिधिगृहाचा सदस्यही होता. म्हणजे ज्या प्रकारच्या माणसांकडे तो मते मागत होता आणि ज्यांच्यातून कोर्टाची ज्यूरी निवडली जाई, तशाच माणसांसमोर आता तो पुस्तक घेऊन आला होता. शेतकरी, दुकानदार, शिक्षिका, निवृत्त कारकून. कायदा न शिकलेली, पण निकाल देण्याचा अधिकार असलेली माणसे.

त्याची शैली या श्रोत्यासाठी घडली आहे. वाक्ये आखूड, कायद्याची संज्ञा आली की पुढच्याच ओळीत तिचा साधा अर्थ, पात्र आले की त्याचा धंदा आणि गावातली पत लगेच सांगून मोकळे. ही भाषा सपाट आहे, हा आक्षेप खोटा नाही. पण सपाटपणा अडाणीपणातून आलेला नाही. तो ज्यूरीपुढे बोलण्याच्या सवयीतून आला आहे. शिकागोचा सरकारी वकील स्कॉट टुरो याच्याशी ताडून पाहा. तो वकिलीआधी स्टॅनफर्डमध्ये लेखन शिकला, तिथे शिकवलेही. त्याच्या ‘प्रिझ्युम्ड इनोसंट’मध्ये (१९८७) निवेदकच आरोपी आहे आणि वाचकाने त्याच्यावर सतत संशय घ्यावा अशी रचना आहे. टुरो वाचकाला न्यायाधीश करतो, ग्रिशम ज्यूरर. (पेरी मेसनचा जनक गार्डनर हाही वकीलच, पण त्याचा मेसन बहुतेकदा प्राथमिक सुनावणीतच, ज्यूरी बसायच्या आत, खरा खुनी उघडा पाडून मोकळा होतो.)

‘अ टाइम टू किल’ची कळ कुठे आहे, हे सिनेमामुळे विसरले गेले. दहा वर्षांच्या काळ्या मुलीवर बलात्कार करणाऱ्या दोन गोऱ्यांना तिचा बाप कोर्टाच्या इमारतीतच गोळ्या घालतो आणि त्याच्यावर खुनाचा खटला चालतो. ज्यूरी सगळी गोरी. १९९६च्या चित्रपटात बचावाचा वकील समारोपाच्या भाषणात ज्यूरीला डोळे मिटायला लावतो आणि ती मुलगी गोरी आहे अशी कल्पना करायला सांगतो. कादंबरीत हे वकील करत नाही. बंद खोलीत, ज्यूरीतलीच एक बाई इतरांना ते करायला लावते. फरक मोठा आहे. चित्रपटाने विजय नायकाला दिला. कादंबरीने तो शेजाऱ्यापाजाऱ्यांतल्या एका सामान्य बाईकडे सोपवला होता. ग्रंथालयातल्या श्रोत्यांना ती बाई ओळखीची वाटली असणार.

आता दोष. १९८४मध्ये हर्नांडोच्या कोर्टात ग्रिशमने एका बारा वर्षांच्या अत्याचारित मुलीची साक्ष ऐकली आणि तिच्या बापाने आरोपींना ठार मारले असते तर, या विचारातून कादंबरी सुचली. पण कादंबरी पुढे सरकते तशी मुलगी मागे पडते. सारा भार बापावर आणि वकिलावर येतो. जिच्या साक्षीतून पुस्तक जन्मले, तिचाच आवाज त्यात क्षीण आहे. शिवाय मेलेल्या दोघांच्या बाजूने वाचकाने क्षणभरही थांबू नये, अशी तजवीज केलेली आहे. कुशल वकील हेच करतो. कादंबरीकाराकडून अधिक मागावे लागते.

सहानुभूतीवर निकाल फिरतो तेव्हा काय होते, हे मुंबईने पाहिले आहे. १९५९च्या नानावटी खटल्यात नऊ जणांच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने आरोपीला निर्दोष ठरवले. ‘ब्लिट्झ’ने वातावरण आधीच तापवलेले होते. सत्र न्यायाधीशांनी तो कौल न मानता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले आणि तिथे जन्मठेप झाली. पुढे १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला जागा उरली नाही. ग्रिशमच्या जातीची कादंबरी मराठीत का रुजली नाही, याचे एक कारण मला इथे दिसते. आपल्या वकिलाला न्यायमूर्तींपुढे बोलायचे असते. बारा अनोळखी शेजाऱ्यांना गोष्ट सांगायची वेळ त्याच्यावर येत नाही. आपल्याकडे कोर्ट रंगले ते रंगभूमीवर. ‘तो मी नव्हेच’मध्ये ज्यूरीचे काम प्रेक्षागृह करते.

ग्रिशमला स्वतःलाही या शंकेने गाठले असावे. २००६च्या ‘द इनोसंट मॅन’मध्ये त्याने प्रथमच सत्यकथा लिहिली. ओक्लाहोमातल्या एडा गावचा रॉन विल्यमसन, एकेकाळचा बेसबॉलपटू, याला ज्यूरीने १९८८मध्ये न केलेल्या खुनासाठी दोषी ठरवले. पुरावा म्हणजे केसांची तुलना, तुरुंगातल्या खबऱ्यांचे जबाब आणि त्याने सांगितलेल्या एका स्वप्नाला दिलेले कबुलीजबाबाचे रूप. देहदंडाला पाच दिवस उरले असताना त्याला स्थगिती मिळाली आणि १९९९मध्ये डीएनए चाचणीने तो सुटला. एडाची ज्यूरीही लहान गावातल्या साध्या माणसांचीच होती, आणि इथे गोष्ट सांगणारा सरकारी वकील होता. या पुस्तकातही ग्रिशमची भाषा तीच आहे, आखूड आणि सपाट. फक्त वाचकाला तो आता निकाल द्यायला घाई करू देत नाही. जबाब, तारखा, प्रयोगशाळेचे अहवाल एकेक करून समोर ठेवत जातो.