पाटी आणि सही

'हिडन फिगर्स' हा २०१६ सालचा चित्रपट आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. फेब्रुवारीत ब्लॅक हिस्टरी मंथ आला की बऱ्याच शाळांत तो दाखवतात आणि मग मुलं घरीही पुन्हा लावतात. मलाही तो आवडतो. तराजी हेन्सन, ऑक्टेव्हिया स्पेन्सर आणि जनेल मोने या तिघींची कामं सुरेख झाली आहेत. फळ्यावर गणित सोडवणारी बाई नायिका म्हणून पडद्यावर दिसावी, हे एरवी कुठे घडतं? तरीही आज या चित्रपटाशी मला थोडं भांडायचं आहे. आपण आपल्या मुलांना त्यातून जो धडा देतो, तो मला अपुरा वाटतो.

चित्रपटातला सर्वांत टाळ्या घेणारा प्रसंग आठवा. कॅथरिन जॉन्सन यांना कृष्णवर्णीय स्त्रियांच्या स्वच्छतागृहासाठी दूरच्या इमारतीपर्यंत धावत जावं लागतं. हे कळल्यावर केव्हिन कॉस्टनरने साकारलेला वरिष्ठ अधिकारी तिथली पाटी सर्वांसमक्ष घाव घालून पाडतो. थिएटरात टाळ्या पडतात. पण हा अधिकारी काल्पनिक आहे आणि असा प्रसंग घडलेलाच नाही. मार्गो ली शेटर्ली यांच्या ज्या पुस्तकावर चित्रपट बेतला आहे, त्यात कॅथरिन जॉन्सन पाटी नसलेलं स्वच्छतागृह कित्येक वर्षं बिनदिक्कत वापरत होत्या. इमारतीत कुठे जायचं हे विचारल्यावर हसण्यावारी नेलं गेलं, ते मेरी जॅक्सन यांना.

चित्रपटाला असं स्वातंत्र्य घेता येतं, हे मला मान्य आहे. माझा आक्षेप डॉरोथी वॉन यांच्या कथेवर आहे. पडद्यावर त्या सबंध चित्रपटभर सुपरवायझरचं पद मागत राहतात आणि शेवटी त्यांना ते मिळतं. प्रत्यक्षात लँग्लीच्या कृष्णवर्णीय गणितज्ञ स्त्रियांच्या गटाचं प्रमुखपद त्यांच्याकडे १९४९ सालीच आलं होतं. १९५८ मध्ये नासा स्थापन झाली, वर्णभेदावर उभा असलेला तो वेगळा विभाग बंद झाला आणि त्याबरोबर त्यांचं पदही गेलं. त्या १९७१ पर्यंत नोकरीत होत्या, पण तसं प्रमुखपद त्यांना पुन्हा मिळालं नाही. म्हणजे पाटी उतरली आणि बाई एक पायरी खाली आल्या! इतिहासात जी उतरण होती, ती चित्रपटाने चढण करून दाखवली. मेरी जॅक्सन यांचंही तेच. १९५८ मध्ये त्या इंजिनिअर झाल्या, पण व्यवस्थापनाचं दार काही उघडेना. शेवटी १९७९ मध्ये त्यांनी खालची श्रेणी पत्करून स्त्री-कर्मचाऱ्यांच्या संधींसाठी काम करणारं पद घेतलं. २०२० मध्ये नासाने आपल्या वॉशिंग्टनच्या मुख्यालयाला त्यांचं नाव द्यायचं जाहीर केलं. इमारतीला नाव मिळालं, पण हयातीत बढती मिळाली नव्हती.

ज्यांना या विषयाची खरी ओळख करून घ्यायची आहे, त्यांना मी रिचर्ड पॉल आणि स्टीव्हन मॉस यांचं 'वुई कुड नॉट फेल' हे २०१५ सालचं पुस्तक सुचवेन. अंतराळ कार्यक्रमात सुरुवातीच्या काळात शिरलेल्या दहा कृष्णवर्णीय पुरुषांच्या या कथा आहेत. रॉकेट जिथे बनत होती त्या अलाबामातल्या हंट्सव्हिलमधल्या आणि जिथून उडत होती त्या फ्लोरिडातल्या केप कॅनाव्हरलमधल्या माणसांना त्यात मोठी जागा आहे. भाषा साधी, काही ठिकाणी तर रुक्षच आहे. पण बंद दार कसं उघडतं, हे या पुस्तकाला नीट कळलं आहे.

ज्युलियस माँटगोमेरी १९५६ मध्ये केपवर रुजू झाले. साफसफाईपलीकडचं काम मिळालेले ते तिथले पहिले कृष्णवर्णीय. त्यांचं काम क्षेपणास्त्रांच्या चाचणीतली इलेक्ट्रॉनिक यंत्रं दुरुस्त करायचं. १९५८ मध्ये केपवरच्या इंजिनिअरांसाठी संध्याकाळचं एक कॉलेज निघालं. वर्ग सरकारी शाळेच्या खोल्यांत भरणार होते. कृष्णवर्णीय विद्यार्थी असेल तर खोल्या मिळणार नाहीत, असं शाळाखात्याच्या प्रमुखाने बजावलं. कॉलेज सुरू व्हावं म्हणून माँटगोमेरी यांनी आपला अर्ज मागे घेतला. पुढे कॉलेजला स्वतःची जागा मिळाल्यावर त्यांना प्रवेश मिळाला. आज तेच कॉलेज फ्लोरिडा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी म्हणून ओळखलं जातं.

हंट्सव्हिलच्या क्लाइड फॉस्टर यांची गोष्ट तर आपल्यापैकी कुणालाही ऑफिसातली वाटेल. त्यांच्या वरिष्ठाने त्यांना एका गोऱ्या सहकाऱ्याला शिकवून तयार करायला सांगितलं, आणि तोच पुढे त्यांचा साहेब होणार होता! फॉस्टर यांनी नकार दिला. पण ते नुसते रुसून बसले नाहीत. बढतीला लागणारं प्रशिक्षण कृष्णवर्णीयांना मिळत नव्हतं, म्हणून ते अलाबामा ए अँड एम या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात सुरू करा, अशी मागणी त्यांनी वर नेली आणि मान्य करून घेतली. शेकडो लोक त्या वर्गांतून शिकले. शिवाय ट्रायना नावाच्या आपल्या छोट्या गावाला त्यांनी १९६४ मध्ये नगराचा दर्जा परत मिळवून दिला आणि तिथले महापौर झाले. त्याच काळात चंद्रावर जाणाऱ्या रॉकेटचं काम हंट्सव्हिलमध्ये चालू होतं.

या पुस्तकाची उणीव उघड आहे. यात सगळे पुरुषच आहेत. ॲनी ईझली त्यामुळे दोन्हीकडून निसटल्या. १९५५ ते १९८९ अशी चौतीस वर्षं त्यांनी क्लीव्हलँडच्या प्रयोगशाळेत काढली. उपग्रह आणि अंतराळयानं पुढे ढकलणाऱ्या सेंटॉर या रॉकेट-टप्प्यासाठी त्यांनी संगणकाचे प्रोग्राम लिहिले. तिथे इतरांच्या कॉलेजच्या फीला मदत मिळायची. त्यांनी विचारलं तेव्हा नाही म्हणून सांगण्यात आलं. नोकरी सांभाळून, पदरचे पैसे भरून, त्यांनी १९७७ मध्ये गणिताची पदवी घेतली. एकदा प्रयोगशाळेच्या प्रदर्शनासाठी सहा जणांचा फोटो मोठा केला, तेव्हा त्यातून नेमकी त्यांचीच छबी कापून टाकली होती. कुणी दिग्दर्शक या विषयावर पुन्हा चित्रपट काढणार असेल, तर त्याने या फोटोपासून सुरुवात करावी.

मंडळी, या सगळ्या कथांत मला एकच गोष्ट दिसते. भिंतीवरची पाटी डोळ्यांना दिसते, म्हणून चित्रपट ती पाडतो. पण माणसाचं करिअर अडतं ते सहीपाशी. शहराच्या परवानगीवाचून मेरी जॅक्सन यांना गोऱ्यांच्या हायस्कूलमध्ये भरणाऱ्या वर्गात बसता येत नव्हतं. माँटगोमेरी यांचं शिक्षण एका अधिकाऱ्याच्या होकारावर अडलं, ईझली यांची फी वरिष्ठाच्या नकारावर. पुढे नासाचे प्रमुख झालेले चार्ल्स बोल्डन यांनाही नौदल अकादमीत जायला लोकप्रतिनिधीची शिफारस हवी होती. साउथ कॅरोलायनातला एकही प्रतिनिधी ती देईना. या मुलाने थेट राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना पत्र लिहिलं आणि अखेर शिकागोच्या कृष्णवर्णीय खासदाराने शिफारस दिली. बोल्डन चार वेळा अंतराळात जाऊन आले आणि २००९ मध्ये नासाचे प्रशासक झाले. एवढा लायक मुलगा एका शिफारशीसाठी घरी बसला असता, हे ध्यानात घ्या.

'मेहनत केली की सगळं मिळतं,' हे वाक्य आपल्या घरांत चित्रपट संपता संपता ऐकू येतं. ते खोटं नाही, अर्धं आहे. वरच्या प्रत्येकाने मेहनत केलीच होती. आपलंही या देशात येणं नुसत्या मेहनतीने झालं नाही. १९६४ मध्ये नागरी हक्क कायदा आला आणि त्याच वातावरणात पुढच्याच वर्षी इमिग्रेशनचा कायदा बदलून देशवार कोटा रद्द झाला. आपल्यासाठी दार उघडलं ते असं. इथल्या गुलामीविरुद्धच्या लढ्याचं मोल महात्मा फुल्यांनी फार पूर्वी ओळखलं होतं. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामी नष्ट करणाऱ्या लोकांना अर्पण केलं. तेव्हा हा इतिहास आपल्याला परका मानायचं काही कारण नाही.

सहीची वाट पाहणं आपल्याला माहीत आहे. व्हिसा, स्पॉन्सरशिप, ग्रीनकार्ड यांत आपल्यापैकी अनेकांची उमेदीची वर्षं गेली. निर्यात-नियंत्रणाच्या नियमांमुळे रॉकेट कंपन्यांत नोकरीसाठी बहुधा ग्रीनकार्ड किंवा नागरिकत्व लागतं, हेही अनेकांना ठाऊक असेल. पण आता आपल्यातले कितीतरी जण मॅनेजर, डायरेक्टर, प्राध्यापक आहेत. मुलाखत घेणारे, बढतीची शिफारस लिहिणारे, प्रशिक्षणाला कुणाला पाठवायचं ते ठरवणारे आपणच आहोत. तेव्हा यंदा मुलांबरोबर 'हिडन फिगर्स' जरूर पाहा, टाळ्याही वाजवा. मग डॉरोथी वॉन यांचं पुढे काय झालं ते त्यांना सांगा. आणि सोमवारी ऑफिसात गेल्यावर आपल्या टेबलावर कुणाचा अर्ज सहीवाचून पडला आहे का, तेवढं बघा.