सुंदर आठवण आणि खरा पुरावा : ‘माझा प्रवास’ कसं तपासायचं?

युद्धातून किंवा छळछावणीतून जिवंत परतलेला माणूस आपली कहाणी सांगतो तेव्हा आपण गप्प बसून ऐकतो. ते योग्यच आहे. पण संशोधन करायचं असेल तर ऐकून झाल्यावर एक प्रश्न विचारावाच लागतो: हे असंच घडलं होतं का? पीएचडीच्या तयारीला लागलेल्या अनेकांना हा प्रश्न उद्धट वाटतो. ज्याने भोगलं त्याच्यावर संशय घेणारे आपण कोण, असं वाटतं. म्हणून आज दोन आठवणी शेजारी ठेवून बघूया. एक परदेशातली, दुसरी आपल्या कोकणातल्या माणसाची.

पहिली हर्मन रोझेनब्लॅट यांची. हा पोलंडमधला ज्यू मुलगा दुसऱ्या महायुद्धात बुखेनवाल्डच्या श्लीबेन या उपछावणीत कैदी होता. पुढे तो अमेरिकेत स्थायिक झाला आणि अनेक वर्षांनी त्याने एक गोष्ट सांगितली. छावणीच्या कुंपणापलीकडून एक मुलगी त्याला सफरचंदं टाकायची, त्यावर तो जगला. १९५७ साली न्यूयॉर्कमध्ये मित्रांनी एका अनोळखी मुलीशी त्याची भेट घडवून आणली. बोलता बोलता कळलं की ही तीच! लग्न झालं. ओप्रा विन्फ्रीच्या कार्यक्रमात ही गोष्ट गाजली, पुस्तक छापायचं ठरलं, आणि डिसेंबर २००८ मध्ये प्रकाशकाने ते रद्द केलं.

खोटं उघड कसं झालं, हे आपल्यासाठी महत्त्वाचं आहे. केनेथ वॉल्ट्झर या इतिहासकाराने त्या दोघांच्या प्रेमाची तपासणी केलीच नाही. ती करता येतही नाही. त्यांनी छावणीचा नकाशा काढला. बाहेरचा माणूस कुंपणापर्यंत कुठून पोचू शकत होता? ती मुलगी, रोमा, त्या वेळी कुठे होती? तिचं कुटुंब ब्झेग गावाजवळ लपून राहत होतं, श्लीबेनपासून तीनशेहून जास्त किलोमीटर दूर. म्हणजे जवळपास खेड ते पणजी! रोज सफरचंद टाकायला यायचं ते एवढ्या लांबून?

पण छावणी खरी होती, उपासमार खरी होती, लग्नही खरं होतं. खोटं होतं ते सफरचंद. म्हणजे साक्षीदार अस्सल असूनही साक्षीतला एखादा भाग बनावट असू शकतो. आणि तो बहुधा तिथेच असतो जिथे वाचक सगळ्यात जास्त विरघळतो. त्याची किंमत इतरांनी मोजली. छळछावण्या झाल्याच नाहीत म्हणणाऱ्यांच्या हाती आयतं कोलीत मिळालं.

आता आपल्याकडे येऊ. विष्णुभट गोडसे, पेणजवळच्या वरसईचे भिक्षुक. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, घरचं कर्ज फिटेल, या आशेने १८५७ मध्ये काकांबरोबर उत्तरेला निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. ह्यू रोजच्या फौजेने झाशीला वेढा घातला तेव्हा ते शहरातच होते. वेढा, कत्तल, लूट यांतून वाचून, आईवडिलांसाठी गंगाजल घेऊन घरी परतले. ‘माझा प्रवास’ हे पुस्तक मराठीत सगळ्यांना माहीत आहे. पण पुरावा म्हणून त्याचं वजन किती? मी चार प्रश्न विचारतो.

पहिला: हातात कोणती प्रत आहे? गोडशांनी चिंतामण विनायक वैद्यांच्या आग्रहावरून लिहिलं, तेही १८८३ च्या सुमारास, म्हणजे प्रसंगानंतर पाव शतकाने. वैद्यांनी ते छापलं १९०७ मध्ये, गोडशांच्या मृत्यूनंतर, आणि छापताना भाषा बदलली, मजकुरातही हात घातला. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी सिद्ध केलेली प्रत आली १९६६ मध्ये. प्रबंधात १९०७ च्या प्रतीतलं वाक्य देऊन ‘गोडसे म्हणतात’ असं लिहिलंत, तर ते वाक्य कदाचित वैद्यांचं असेल. आधी ताडून बघा.

दुसरा: पाहिलेलं की ऐकलेलं? इंग्रजांनी राजेरजवाड्यांना बोलावून धर्म बुडवणारी चौऱ्याऐंशी कलमं मांडली, असं गोडसे लिहितात. हे त्यांनी पाहिलेलं नाही, वाटेवर कानावर आलेलं आहे. घटनेचा पुरावा म्हणून त्याची किंमत शून्य. पण लोक तेव्हा काय बोलत होते, कशाला घाबरत होते, याचा तो फार मोलाचा पुरावा आहे. एकच परिच्छेद एका प्रश्नाला खोटा आणि दुसऱ्या प्रश्नाला खरा ठरू शकतो.

तिसरा: सांगणाऱ्याला यात काय मिळतं? झाशीच्या लुटीचं वर्णन बघा. आधी सोनं-चांदी, मग भांडी, मग कापड, धान्य, असा लुटीचा क्रम ते देतात. राजवाड्यातल्या ग्रंथसंग्रहाची नासधूस झाली, त्याची हळहळ करतात. स्वतःची भीती, लपणं, पैसे देऊन जीव वाचवणं, काहीच झाकत नाहीत. नायक व्हायची हौस असलेला माणूस असं लिहीत नाही. हा भाग मला पुस्तकातला सगळ्यात भक्कम वाटतो.

चौथा: तारीख आणि नकाशा जुळतात का? इथे येते वाचकांची लाडकी जागा. काल्पीच्या वाटेवर, विहिरीपाशी, दमलेली, तहानलेली राणी भेटते. हे गोडशांचं सफरचंद आहे का? बघू. राणी ४ एप्रिल १८५८ च्या रात्री झाशीतून निघाली. कोंचची लढाई ७ मे रोजी झाली. काल्पी पडली २३ मे रोजी. या सात आठवड्यांत राणी त्या टापूत होती आणि गोडसेही झाशी सोडून तिकडेच निघाले होते. म्हणजे भेट शक्य होती. रोझेनब्लॅटची भेट अशक्य होती, हा मोठा फरक.

पण ‘शक्य’ म्हणजे ‘सिद्ध’ नव्हे. राणीच्या तोंडची वाक्यं पंचवीस वर्षांनी शब्दशः आठवतील, असं कुणी धरू नये. म्हणून लिहिताना ‘राणी म्हणाली’ असं न लिहिता ‘राणी असं म्हणाल्याचं गोडसे सांगतात’ असं लिहा. तीन-चार शब्द वाढतात, पण तेवढ्यानेच भक्त आणि संशोधक वेगळे होतात.

माझं मत विचाराल तर ‘माझा प्रवास’ विश्वासार्ह आहे, पण सगळीकडे सारखं नाही. झाशीच्या गल्लीत ते साक्षीदार आहेत, कलमांच्या गोष्टीत श्रोते आहेत, विहिरीपाशी आठवणारे आहेत. तिन्ही ठिकाणी त्यांना एकच माप लावलं तर अन्याय त्यांच्यावरच होतो.

आपल्या तालुक्यात फौजेत, जहाजावर आयुष्य काढलेली माणसं घरोघरी भेटतील. त्यांच्या मुलाखती घ्यायला जाल तेव्हा आजोबांना मध्येच तोडू नका, पुरावा मागू नका. सगळं ऐका, जसंच्या तसं नोंदवा. मग घरी येऊन नकाशा उघडा, तारखा मांडा, आणि सगळ्यात जास्त आवडलेल्या प्रसंगापासून तपासायला सुरुवात करा. तो टिकला, तर तो प्रसंग बेधडक मांडता येईल.