शेरा : यशस्वी

वाचनाचे व्यसन माणसाला कुठे नेईल, सांगता येत नाही. वाण्याच्या पुडीच्या कागदापासून पंचांगापर्यंत मी सारे वाचले आहे. पण परवा पिंप्राळ्याला पुतण्याकडे जे वाचले, त्याचे परीक्षण लिहिणे भाग आहे.

पुतण्या एका पतसंस्थेचा संगणक सांभाळतो. माणसे झोपली की तिथे हिशेबाची ठरलेली कामे आपोआप होतात. डेटाबेस पोस्टग्रेस, कामे वेळेवर लावणारा पीजी-क्रॉन, आणि प्रत्येक कामाची नोंद 'जॉब रन डीटेल्स' नावाच्या तक्त्यात. लेखक अर्थातच यंत्र.

शैली आटोपशीर. आज्ञा, सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ, शेरा आणि निरोप. निसर्गवर्णन नाही, प्रस्तावना नाही. वळण मात्र साहेबी. वेगळे बजावले नाही तर हा गृहस्थ ग्रिनिचचे घड्याळ पाळतो. पुतण्याने रात्री २ चा मुहूर्त दिला, काम व्हायचे सकाळी साडेसातला, आमच्या चहाच्या वेळी! शिवाय जुनी पाने तो आपण होऊन फाडत नाही. ताजी नोंद वर मागवायची आणि जुन्यांवर कात्री चालवायची, हे संपादकाचे काम वाचकानेच करायचे.

"पण खोटं नाही बोलत हं काका," पुतण्या म्हणाला. "३० दिवस, तिसांनाही 'सक्सीडेड'!"

"मग समोरच्या आजींच्या पासबुकात व्याज का नाही रे?"

तो गप्प. मग आम्ही शेजारचा निरोपाचा रकाना वाचला. 'अपडेट ०', खाली 'अपडेट ०', त्याखालीही तेच. आज्ञा बिनचूक पाळली गेली होती. पण आज्ञेतली अटच चुकल्यामुळे एकाही खात्याला हात लागला नव्हता.

या ग्रंथाचा मोठा दोष हाच. नायक कामावर आला, हे तो ठणकावून सांगतो. काम झाले का, ते कोपऱ्यात पुटपुटतो. मी फार बोलत नाही. मस्टरवर सही करून मीही ३० वर्षे यशस्वी होतो.

आषाढी एकादशीला पिंप्राळ्याचा रथ निघतो. 'निघाला' म्हटल्यावर इथे कोणाचे समाधान होत नाही. कुठे थांबला, मोगरी कोणी लावली, जागेवर पोचला का, सगळे विचारतात. यंत्रालाही तेच विचारावे.

आता देणे असून शून्य आले, तर शेरा नापास पडेल अशी सोय पुतण्याने केली आहे. आजींना व्याज मिळाले. "काय लिहिलंय रे यात?" त्यांनी पासबुक पुढे करत विचारले.

आकडा वाचून दाखवला. शेरा वाचला नाही.